मन मोकळं झाल्यावर पुढे काय?

ऑनलाइन समुपदेशनाबद्दल लोक मला एक शंका हमखास विचारतात: समोरासमोर न बसता मन मोकळं होतं का? होतं. स्क्रीनवरही माणसं रडतात, गप्प होतात, कधी कोणाला न सांगितलेलं सांगून जातात. मला काळजी वाटते ती त्यानंतरची. तासभर बोलून हलकं वाटतं आणि दोन दिवसांत सगळं पुन्हा तसंच होतं. असं महिनोन् महिने चालू राहू नये, म्हणून थेरपीला ध्येय लागतं.

आयुष्यातल्या बदलांनी येणारा ताण लोकांना पटकन ओळखू येत नाही. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली अशा ४३ घटनांची यादी ताणाच्या गुणांसह मांडली. जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण, घटस्फोटाला ७३. पण त्याच यादीत लग्नाला ५० आणि निवृत्तीला ४५ गुण आहेत. ‘सगळं तर चांगलंच झालंय, मग झोप का लागत नाही?’ असं विचारणाऱ्यांना मी ही यादी आवर्जून दाखवते. हवाहवासा बदलसुद्धा रोजची घडी मोडतो, आणि नवी बसेपर्यंत मन थकतं.

आता ध्येयाबद्दल. ‘मला टेन्शन नको’ ही इच्छा झाली. तिच्यावरून उद्या सकाळी काय करायचं, हे कळत नाही. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने अमेरिकेत मिलवॉकीला १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जी पद्धत घडवली, तिच्यात एक सुरेख प्रश्न आहे. समजा, आज रात्री तुम्ही झोपेत असताना चमत्कार झाला आणि अडचण सुटली, पण तुम्हाला कोणी सांगितलं नाही. सकाळी कशावरून ओळखाल? बहुतेक जण आधी म्हणतात, ‘मी मुलीवर चिडणार नाही.’ मग मी विचारते, चिडण्याऐवजी काय कराल? इथे लोक थांबतात, विचार करतात. ‘कामावरून आल्यावर दहा मिनिटं नुसती तिच्याजवळ बसेन.’ हे झालं ध्येय. ते करता येतं, आणि केलं की नाही हे मुलगीसुद्धा सांगू शकते.

याच पद्धतीत शून्य ते दहाची पट्टी असते. कोणी स्वतःला तीन गुण दिले, तर मी ‘दहा का नाहीत?’ असं विचारत नाही. ‘शून्य का नाही?’ असं विचारते. अडचणीतही माणूस काहीतरी सांभाळून असतो, ते त्याच्याच तोंडून बाहेर येतं. मग चारवर गेलात तर काय वेगळं दिसेल, एवढंच ठरवायचं.

आणि इथे ऑनलाइनचा मोठा फायदा आहे. माणूस त्याच्या अडचणीच्या जागीच बसलेला असतो. समजा, कोणी धास्तीने आलेली पत्रं उघडतच नसेल, तर ती त्याच खोलीतल्या खणात असतात. ‘एक आत्ता उघडू या का?’ असं मी म्हणू शकते, आणि ते पत्र आम्ही मिळून वाचतो. दवाखान्यात हे फक्त बोलण्यातच राहिलं असतं.

मात्र ध्येयाची घाई क्रूर होऊ शकते. ज्याचं माणूस नुकतंच गेलंय, त्याला पट्टीवर आकडा विचारू नये, त्याच्याजवळ थांबावं. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की उपचारातली भागीदारी तीन गोष्टींवर उभी असते: ध्येयावर एकमत, कामांवर एकमत आणि परस्परांतला जिव्हाळा. यातला जिव्हाळा नसेल तर ध्येय हा नुसता हुकूम वाटतो.

काही वेळा ऑनलाइन मदत पुरत नाही. जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या सत्राची वाट न बघता जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीने प्रत्यक्ष मदत घ्या. इतरांना ऐकू न येणारे आवाज येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. घरात मारहाण होत असेल आणि मारणारा शेजारच्या खोलीत असेल, तर घरून बोलणं धोक्याचं आहे. आधी सुरक्षित जागा शोधायला हवी. म्हणूनच तुम्ही आत्ता कुठे आहात आणि गरज पडली तर मी कोणाला फोन करू, हे मी सुरुवातीलाच विचारून घेते. कोणी हे विचारलं नाही, तर तुम्हीच विचारा. शिवाय पहिल्याच भेटीत आणखी दोन प्रश्न टाका: फरक पडतोय की नाही हे आपण कशावरून तपासणार, आणि काय झालं की ही सत्रं थांबवायची?