पेंग्विन गारठत का नाही?

श्रोतेहो, नमस्कार. भर उन्हाळ्यातही कृष्णेत तासभर डुंबलेल्या पोराचे ओठ निळे पडतात, हे आपण सांगलीकर घाटावर नेहमी बघतो. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब जवळजवळ २५ पट वेगानं ओढून घेतं. पेंग्विनचा खरा सामना या पाण्याशी आहे, बर्फाशी त्यानंतर.

त्याची पिसं आखूड, ताठ आणि एकावर एक घट्ट बसलेली असतात. बुडाशी मऊ लव असते, तिच्यात हवा अडकते. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल तो चोचीनं सगळ्या पिसांना चोळतो, त्यामुळे पाणी कातडीपर्यंत पोचत नाही. खाली चरबीचा थर असतोच.

पाय मात्र उघडे! तिथं फार सुंदर व्यवस्था आहे. खाली जाणाऱ्या आणि वर येणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना चिकटून असतात. उतरणारं गरम रक्त आपली ऊब चढणाऱ्या गार रक्ताला देतं. पावलं शून्याच्या किंचित वर राहतात; गोठत नाहीत आणि ऊबही वाया घालवत नाहीत. अंटार्क्टिकातला एम्परर नर याच पावलांवर अंडं ठेवून, वरून पोटाची घडी पांघरून, सुमारे ६५ दिवस उपाशी उभा राहतो. पारा उणे ४०पर्यंत उतरला तरी!

मुंबईत राणीच्या बागेत आहेत ते हम्बोल्ट पेंग्विन. ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथं बर्फ नाही, पण समुद्र गार आहे. जमिनीवर ऊन लागलं की हाच पिसांचा थर त्यांना जड जातो. मग ते पंख अंगापासून दूर धरतात, धापा टाकतात. चोचीजवळच्या उघड्या गुलाबी कातडीतूनही उष्णता बाहेर पडते. मुंबईच्या उकाड्यात एवढ्यानं भागत नाही, म्हणून त्यांची खोली थंड ठेवावी लागते.

पिसं बिघडली तर सगळंच बिघडतं. २००० साली केपटाउनजवळ ट्रेझर हे जहाज बुडालं आणि सुमारे १९,००० आफ्रिकन पेंग्विन तेलानं माखले. तेलानं पिसं चिकटतात, फटींतून पाणी आत शिरतं, पक्षी गारठतो. धुतल्यावर साबणाचा अंश राहिला तरी पिसं पाणी अडवत नाहीत, म्हणून विसळण्याचं काम धुण्याइतकंच काळजीचं.

शिवाय वर्षातून एकदा सगळी पिसं एकदमच बदलतात. दोन ते चार आठवडे तो समुद्रात उतरू शकत नाही, म्हणजे मासेही नाहीत. राणीच्या बागेत एखादा पक्षी विस्कटलेल्या पिसांनी कडेला उभा दिसला, तर तो आजारीच आहे असं समजू नका, आणि त्याला हलवायला काचेवर टकटक करू नका. बहुधा नवी पिसं येत असतात, आणि त्याला अंगातली शक्ती त्यासाठीच पुरवायची असते.