भटकायचं तर पत्ता पक्का हवा

मंडळी, दीर्घ प्रवासावर बोला असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा लडाखचे फोटो असणार. फोटो मी आणलेले नाहीत. मी कागदपत्रांवर बोलणार आहे. काम लॅपटॉपवर आणि संसार पाठीवरच्या सॅकमध्ये, असं काही वर्षं जगल्यावर माझं मत झालंय की हौसेने भटकं होणं त्यालाच परवडतं, ज्याचा कायमचा पत्ता पक्का असतो.

हसू नका. बँकेची केवायसी, आधार, मतदारयादी, पासपोर्टची पोलीस पडताळणी, सगळं शेवटी कुठल्यातरी एका दारापाशी येतं. माझ्या बाबतीत ते दार आईवडिलांचं. पोस्टमन आला की आई सही करून पत्र घेते आणि मला फोटो पाठवते. माझ्या स्वातंत्र्याचं निम्मं कामकाज ती सांभाळते, बिनपगारी. दुसरी गोष्ट भारतातलं सिम. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. रिचार्ज राहिलं आणि नंबर बंद पडला, तर खात्यात पैसे असूनही तुम्ही खोलीचं भाडं देऊ शकत नाही.

आता ज्यांना असं दार नव्हतं, त्यांचं बघा. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड सेटलमेंटच होती, म्हणजे या लोकांना डांबून ठेवायची वसाहत. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. त्यातून सुटलेल्या जमाती त्या ‘विमुक्त’. पण महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढायचा तर 21 नोव्हेंबर 1961 किंवा त्याआधीपासून कुटुंब राज्यात राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांनी आयुष्य पालावर काढलं, त्यांनी घरपट्टीची पावती आणायची कुठून? मी मात्र ‘मी भटकी आहे’ असं कॅफेत बसून कौतुकाने सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात. हा फरक डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

परदेशी जायचं तर तारखांचा हिशोब आलाच. युरोपच्या शेंगेन भागात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, अल्प मुदतीच्या व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. देश बदलला म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही, सगळे देश मिळून एकच खातं. थायलंडने 2024 मध्ये लॅपटॉपवाल्यांसाठी पाच वर्षांचा व्हिसा काढला. त्यावर एका खेपेला 180 दिवस राहता येतं, पण खात्यात पाच लाख बात (थायलंडचं चलन) शिल्लक असल्याचं दाखवावं लागतं. आणि साध्या पर्यटक व्हिसावर बसून ऑफिसचं काम करणं बऱ्याच देशांत नियमात बसत नाही किंवा त्याबद्दल नियम धूसर आहेत. ‘सगळेच करतात’ हे उत्तर इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही.

कराचं थोडक्यात सांगते, कारण तिथे माझ्यापेक्षा तुमचा सीए हुशार. आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलात तर तुम्ही इथले करनिवासी, म्हणजे करापुरते भारताचे रहिवासी. त्याहून कमी दिवसांतही काही अटींवर ठरता. वर 2020 च्या वित्त कायद्याने एक पळवाट बुजवली. परदेशी उत्पन्न सोडून वर्षाला 15 लाखांपेक्षा जास्त कमावणारा भारतीय नागरिक राहण्याच्या आधारावर जगात कुठेच करपात्र नसेल, तर त्याला भारताचाच रहिवासी धरतात. म्हणजे कुठलाच नसलेला माणूस आयकर खात्याला मान्य नाही!

राहिला प्रश्न कसं फिरायचं हा. नवखे लोक दर आठवड्याला शहर बदलतात आणि तीन महिन्यांत थकून घरी येतात. आपल्याकडचे मेंढपाळ धनगर बघा. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचं, पावसाच्या आत परतायचं. घोड्यावर बिऱ्हाड. वाट बहुतेक ठरलेली, शेतकरीही बरेचसे ओळखीचे. रात्री त्यांच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. पाणी कुठे आहे, कुठलं गाव भांडखोर आहे, हे त्यांना पक्कं माहीत असतं. मीही आता मोजक्याच गावांत आलटून पालटून जाते. डॉक्टर ओळखतो, वाणी उधार देतो, वीज कधी जाते ते माहीत असतं. नवलाई कमी होते हे खरं, पण काम होतं.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवली आहे, ‘सुरुवात कुठून करू?’ नेपाळपासून करा. भारतीयांना व्हिसा लागत नाही, शेंगेनसारखी दिवसांची मोजणी नाही, नाही जमलं तर परतणं सोपं. घड्याळही फक्त पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं, त्यामुळे साहेबांना सांगायला सबब मात्र मिळणार नाही.