नट बसतो, तोंड बसत नाही

(पुण्यात घरच्या घरी किट कार, म्हणजे सुटे भाग जमवून स्वतः जोडायची गाडी, बांधणाऱ्या हौशी मंडळींसमोर आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ब्रेक ऑइल गळताना दिसलं की आपला हात आधी पान्याकडे जातो. आवळा! थेंब थांबला नाही तर शेजारी उभा असलेला मित्र म्हणतो, "सरक, मी बघतो," आणि तो आणखी पाव फेर आवळतो. त्यानंतर थेंब थांबला तरी काळजी वाटायला हवी. कारण नुकत्याच बांधलेल्या किट कारमधली गळती बहुतेक वेळा ढिलाईमुळे होतच नाही. दोन न जुळणारे भाग जबरदस्तीने जोडल्यामुळे ती होते.

कारखान्यातून आलेली गाडी काही वर्षांनी गळू लागते तेव्हा काहीतरी झिजलेलं असतं. रबर कडक होतं, पाइप गंजतो, पिस्टनवर चरे पडतात. तिथला मेकॅनिक विचारतो, काय झिजलं? आपल्या गाडीत झिजायला वेळच मिळालेला नाही, ती अजून स्टँडवरून खाली उतरलेली नाही. म्हणून आपला प्रश्न वेगळा: काय कशाशी जुळत नाही? ब्रिटनमध्ये १९५७ साली लोटस सेव्हन किटच्या रूपात विकायला आली, कारण तयार गाडीवरचा खरेदी कर त्यामुळे वाचायचा. तिथे निदान एका कंपनीने ठरवून दिलेले भाग एका खोक्यात यायचे. आपलं खोकं म्हणजे अख्खं पुणे. इंजिन आणि पुढचे कॅलिपर, म्हणजे चाकाच्या चकतीला पकडणारे ब्रेकचे चिमटे, जुन्या मारुतीचे, मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप, कुणीतरी परदेशातून आणलेला, ब्रेडेड होज, म्हणजे वरून तारेची वीण असलेली लवचीक नळी, ऑनलाइन, नट नाना पेठेतले, आणि एखादी गोष्ट रविवारच्या जुन्या बाजारातली, जिची जात-कुळी विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.

आधी थोडं गणित, म्हणजे थेंबाला थेंब म्हणून सोडून देणार नाही. पायाचा जोर ३० किलो धरा. पेडलची तरफ पाचपट. म्हणजे मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर १५० किलो. सिलिंडरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिमी, क्षेत्रफळ साधारण २.८५ चौरस सेंमी. भागाकार करा: दर चौरस सेंटिमीटरला ५२ किलोच्या वर दाब. तुमच्या टायरमध्ये दोनच्या आसपास असतो. आणि हा शांतपणे दाबलेला ब्रेक. समोर म्हैस आली की पाय ३० किलोवर थांबत नाही. दुसरा आकडा: या सिलिंडरचा पिस्टन २८ मिमी सरकला तर एकूण ऑइल किती ढकललं जातं? आठ घनसेंटिमीटर, म्हणजे दोन चमचेही नाही. सगळी गाडी तेवढ्यावर थांबते.

आता हे दोन तुकडे फिरवतोय, हात लावून बघा. दोन्ही ४.७५ मिमीचे, म्हणजे ज्याला आपण तीन-सोळांश इंची म्हणतो तो नेहमीचा ब्रेक पाइप. दोन्हींवर एकच नट चढलाय, एम-१०, म्हणजे १० मिमी व्यासाचा, एक मिमी पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर एक मिमी. पण तोंडं बघा. एकाचं तोंड कडेला दुमडून पुन्हा आत वळवलंय, कर्ण्यासारखं उघडं, ४५ अंशांचं. हा डबल फ्लेअर, जपानी घराण्याच्या गाड्यांत असतो, म्हणजे मारुतीतही. दुसऱ्याचं तोंड पुढे फुगलेलं, गोलसर. हा बबल फ्लेअर, युरोपीय गाड्यांत भेटतो. नटांची टोकंही बघा, एकाचं आतून उतरतं, दुसऱ्याचं सपाट. आटे मात्र तेच! त्यामुळे मारुतीचा पाइप युरोपीय वळणाच्या सिलिंडरमध्ये हाताने छान फिरत जातो, शेवटी अडतो, आपण खूश. आत मात्र कर्णा आणि त्याच्यासाठी नसलेली बैठक, म्हणजे भोकाच्या तळाशी तोंड टेकायची जागा, समोरासमोर उभे असतात, आणि एका बारीक रेघेवर टेकलेले असतात. पाय दाबला की ऑइल त्या रेघेतून वाट काढतं. तुम्ही आवळता, पाइपचं तोंड चेपून बैठकीवर बसतं, गळती थांबते. पुढच्या वेळी सोडून बसवलं की पुन्हा सुरू, आणि आता सिलिंडरची बैठकही खराब.

याच्याही पुढची फसवणूक इंची आट्यांची. तीन-अष्टमांश इंच, इंचाला २४ आट्यांचा नट ब्रिटिश-अमेरिकन भागांवर असतो. त्याचा व्यास ९.५ मिमी, पिच १.०६ मिमी. तो एम-१०च्या भोकात जातो. थोडा सैल वाटतो, पण जातो. हाताला लागणारा तो सैलपणा हीच तुमची एकमेव सूचना. पाना लावलात की आटे खाल्ले जातात. ब्रेडेड होजचं टोकही बघून घ्या. शर्यतीच्या गाड्यांतल्या डॅश-३ फिटिंगलाही हेच तीन-अष्टमांश, २४ आटे असतात, पण तिची बैठक ३७ अंशांची आणि ब्रेकच्या डबल फ्लेअरची ४५ अंशांची. विद्यार्थी मंडळी, तुमच्या बाहामध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बांधायच्या त्या स्पर्धेत, हे हमखास घडतं, कारण होज दिसायला देखणा असतो आणि दुकानदार म्हणतो, "बसतंय की!" बसतंयच. प्रश्न नट बसण्याचा नाहीच. दाब आटे अडवत नाहीत. नटाचं काम फक्त तोंडाला बैठकीवर दाबून धरणं. म्हणून टेफ्लॉन टेप लावायची नाही. मघाशी तिथून कुणीतरी हळूच विचारलं, म्हणून सांगतो. टेपने आट्यांमधून झिरपणं थोडं लपेल, पण तोंडाची गळती आत तशीच राहील. आणि टेपचा एखादा धागा सुटून मास्टर सिलिंडरच्या त्या सुईएवढ्या भरपाईच्या छिद्रात, जिथून पाय काढल्यावर ऑइल टाकीत परत जातं, अडकला, तर ब्रेक सुटायचाच बंद होईल.

तर आता गळती शोधायची कशी? जिथे थेंब पडतो तिथे गळती नसते, हे गृहीत धरा. ऑइल पाइपवरून ओघळत सगळ्यात खालच्या वाकाला येतं आणि तिथून पडतं. सगळे जोड आधी ब्रेक क्लीनरने आणि कोरड्या फडक्याने पुसा. पेट्रोल नको, रबराला चालत नाही. मग प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरवा, खाली वर्तमानपत्र पसरा. सीटच्या पुढच्या कडेला आणि पेडलला टेकेल अशी एक फळी लावून पेडल दाबून ठेवा आणि घरी जा. सकाळी पांढऱ्या पावडरीवर कुठे ओला पट्टा दिसतो त्याच्या वरच्या टोकाला तुमची गळती. गडद रंगाच्या चासीवर हा पट्टा फारच स्वच्छ दिसतो. बाहेर कुठेच ओलं नाही, तरी पेडल सावकाश खाली गेलंय? मग ऑइल सिलिंडरच्या आतच, पिस्टनवर ते अडवायला बसवलेल्या रबरी कपाला चुकवून मागे येतंय. हा रोग ब्रेकइतकाच जुना आहे. माल्कम लॉकहीडने हायड्रॉलिक ब्रेक बनवले, १९२१च्या ड्यूझेनबर्ग गाडीत ते चारही चाकांवर आले, तेव्हा त्याचे कप कच्च्या चामड्याचे होते आणि ते गळायचेच. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी १९२४च्या गाडीसाठी रबरी कप आणले, तेव्हा हा ब्रेक खरा भरवशाचा झाला. तुमच्या सिलिंडरचा कप गळत असेल तर नवा संच घाला, आणि आतल्या भिंतीला चरे असतील तर सिलिंडरच बदला. घासून चालवू नका.

पाइपचं तोंड नव्याने करायचं ठरलं तर मी पाइप करवतीने कापू देत नाही. पाइप कटरने कापायचा, आतली बाहेरची बर, म्हणजे कापल्यावर राहणारी धारदार कड, काढायची, आणि तोंड करण्याआधी नट पाइपात घातलाय ना ते बघायचं. (हशा) हसू नका, अख्खं पुणे हे विसरतं. मग तोंड झालं की भिंगाखाली धरा. कडेला केसाएवढी भेग दिसली तर तो तुकडा टाका. बैठकीवर एकदा बसवून काढलेल्या तोंडावर एक चकचकीत कडं उमटतं. ते कडं सगळीकडे एकसारखं असलं की जोड सरळ बसलाय. अर्धं चकचकीत, अर्धं मंद असलं की पाइप वाकडा शिरतोय, म्हणजे वाक बदला. इथे पान्याचा काही उपयोग नाही. पाइप नटाशिवायही बैठकीवर स्वतःहून बसला पाहिजे, नटाने त्याला ओढून आणायचं नाही.

पाइपचा धातूही नीट निवडा. फ्रिजवाल्याकडची साधी तांब्याची नळी वाकवायला सोपी, तोंडही लगेच होतं, आणि म्हणूनच तिचा मोह होतो. पण गाडीच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस नटाशेजारी तडकतं. साधा पोलादी पाइप वापरा, किंवा दहा टक्के निकेल असलेला तांबे-निकेलचा. शेवटचा तुमच्या हाताला तांब्याइतकाच गोड, पण असा तडकत नाही. कॅलिपरवर बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातून ऑइल जातं असा पोकळ बोल्ट, असेल तर दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर. जुने तापवून, विझवून मऊ करता येतात, मी करतो, पण नवे इतके स्वस्त आहेत की उगाच कशाला! तिथे स्प्रिंग वॉशर घातलेला मी पाहिलाय. तो घालणाऱ्याचं नाव सांगत नाही.

गळती थांबली की एअर काढायची. कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झाले तर हवा सोडायचं निपल खाली येतं, हवा वर अडकते आणि कितीही पंप मारा, पेडल स्पंजासारखंच राहतं. निपल वर आहे ना, एवढं आधी बघा. ऑइल डॉट ४ नवीन सीलबंद डब्यातलं. कोरडं असताना ते किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंश. पुण्याच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा किती पाणी पितो हे घाट उतरताना कळतं: पेडल अचानक पोकळ होतं, थांबून थंड झालं की पुन्हा नीट. ती गळती नव्हे, आत वाफ झालीय. आणि सांडलेलं ऑइल रंगावरून लगेच भरपूर पाण्याने धुवा. पुसत बसलात तर रंग फडक्याला येईल. मागच्या ड्रमच्या लायनिंगवर ऑइल पडलं असेल तर लायनिंग बदला, भाजून चालवायचा सल्ला कुणीही दिला तरी.

गाडी पहिल्यांदा हलवण्याआधी हँडब्रेक जोडून, तपासून ठेवा. तो तारेवर चालतो, ऑइलवर नाही. पेडल अर्धा मिनिट पूर्ण जोराने दाबा. ते एक मिमीही खाली जाता कामा नये. मग अंगणात, चालण्याच्या वेगाने, सपाट जागी. पाच-सहा दणकून ब्रेक मारा, पुन्हा प्रत्येक जोडाला कोरडं बोट लावून बघा. बोट ओलं झालं तर त्या जोडाचा पाइप काढा, तोंड भिंगाखाली धरा, आणि कडं कुठे मंद आहे ते शोधा.