सकाळी दहा वाजता

(बारावीच्या निकालानंतर सांगलीत विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पालकहो आणि मुलांनो,

निकाल लागला की घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग, पुढं कशाला घालणार?" मुलगी शेजारीच बसलेली असते, पण प्रश्न जातो तिच्या वडिलांना. माझ्या वेळीही असंच झालं होतं. माझे वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. पेठेत चारचौघांनी सांगितलं, "पोरगी हुशार आहे, इंजिनिअरिंगला घाला." मार्क कमी पडले आणि मी बीएस्सीला गेले. पहिलं वर्षभर कुणी विचारलं तर मी "बीएस्सी" असं खालच्या आवाजात सांगायची.

तिसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत एक गोष्ट लक्षात आली. ब्युरेटमधून, म्हणजे खुणा केलेल्या काचेच्या नळीतून, द्रावण थेंब थेंब सोडत, रंग नेमका कुठं पालटतो हे बघत मी तासन्‌तास उभी राहू शकत होते. मैत्रिणी कंटाळायच्या. तिन्ही रीडिंग जुळली नाहीत तर मला मात्र जेवण गोड लागायचं नाही. आज मी कीडनाशकांचे अंश तपासण्याचं काम करते. तासगाव, मिरज, पलूसकडची द्राक्षं युरोपात जायची तर एक किलो मालात एखाद्या औषधाचे किती मिलिग्रॅम उरलेत, हे आधी मोजावं लागतं. अनेक औषधांची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा बागायतदारांचं काय झालं हे इथल्या कितीतरी घरांना आठवत असेल. ब्युरेटपाशी तासन्‌तास उभं राहण्याची माझी ती सवय आज कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाला उपयोगी पडते.

म्हणून मी मुलांना एकच विचारायला सांगते. ज्या डिग्रीला जायचंय, ती घेतलेला माणूस कामाच्या दिवशी सकाळी दहा वाजता नेमकं काय करत असतो? पगार किती, पॅकेज किती, हे नंतर. सिव्हिल इंजिनिअर दहा वाजता उन्हात स्लॅबचं सळईकाम तपासत असतो. सीए मार्चनंतर कितीतरी आठवडे दुसऱ्यांच्या वह्या बघत असतो. नर्सची रात्रपाळी तेव्हा नुकतीच संपलेली असते. हे काम रोज, वीस वर्षं करावंसं वाटेल का? याचं उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही, त्या माणसाशेजारी अर्धा दिवस बसून सापडतं.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात दोष आहे हे कळल्यावर रंगकाम सुटलं, पण यंत्रांची रेखाटनं काढणं त्यांनी धरून ठेवलं. पुढं व्हीजेटीआय या मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत तेच शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, लोखंडी नांगर बनवले आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी केली. हात कशात रमतो हे त्यांना कळलं होतं, शिक्षणाचं नाव मागं पडलं तरी.

पण याचा अर्थ डिग्री कुठलीही चालते असा घेऊ नका. इथं मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण यात मुलं फसतात. काही डिग्र्या म्हणजे परवाना असतो. औषधाचं दुकान चालवायचं तर डीफार्म किंवा बीफार्म करून फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी लागते. आर्किटेक्ट, वकील, डॉक्टर यांचंही तसंच आहे. तिथं आवडीइतकाच कागद महत्त्वाचा, आणि त्या कॉलेजला संबंधित कौन्सिलची मान्यता आहे का हे फी भरण्याआधी बघायलाच हवं. याउलट सॉफ्टवेअर, विक्री, पत्रकारिता यांत तुम्ही काय करून दाखवता ते जास्त बघतात. एमपीएससीच्या राज्यसेवेला बहुतेक पदांसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते. ती परीक्षा द्यायची म्हणून बीए घेताय तर जरूर घ्या, पण त्यात असा विषय घ्या ज्यावर परीक्षा नाही निघाली तरी उभं राहता येईल. दहा वर्षं अभ्यासिकेत घालवून तिशी ओलांडलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयाही पाहिल्या आहेत.

माझ्या धाकट्या भावाला मेकॅनिकलला घातलं, कारण गल्लीतले तिघं जात होते. कॉलेज लांबचं, कर्ज काढलेलं. त्याला माणसांत बोलायला आवडायचं. सहा वर्षांत डिग्री झाली, आणि आज तो ठिबक सिंचनाचा माल विकतो, उत्तम विकतो. ड्रॉइंग वाचता येतं याचा त्याला शेतावर फायदा होतो हे खरं. पण ते कर्ज वडिलांनी निवृत्तीनंतर फेडलं, आणि तेव्हा घरात कुणीच त्याला विचारलं नव्हतं की तुला दिवसभर काय करायला आवडेल. मीसुद्धा नाही.

चुकलं तर वाट बंद होत नाही, हेही सांगते. बारावीला गणित असेल तर बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. डिप्लोमावाल्यांनाही आहे. कुठल्याही पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं आणि क्रेडिट, म्हणजे तोवर शिकून मिळवलेले श्रेयांक, जमा राहतात. पालकहो, मूल दुसऱ्या वर्षी "मला हे नको" म्हणालं तर घरात कल्लोळ करण्याआधी ही सोय आठवा.

प्रवेशाचे फॉर्म भरायला अजून दिवस आहेत. आमच्या प्रयोगशाळेत सध्या हंगाम नाही, त्यामुळं मला वेळ आहे. केमिस्ट्रीचा विचार करणाऱ्या तिघाचौघांनी शनिवारी यावं. दहा वाजता या. बंद बूट घालून या, केस बांधून या. पहिला तास फक्त काचेची भांडी धुण्यात जातो, तेवढी तयारी ठेवा.