छत तापते, आणि आपण हवा थंड करतो

मित्रहो, आजचा विषय 'राहत्या घरातला गारवा आणि विजेचा खर्च' असा आहे. ऐन मे महिन्यात नागपुरात हे बोलताना उकाड्याचे वर्णन करण्याची गरज नाही, म्हणून मी आमच्या घरापासूनच सुरुवात करतो.

आमचे जुने कवेलूंचे घर पाडून आम्ही स्लॅबचे बांधले. पहिल्याच उन्हाळ्यात एका रात्री दहाच्या सुमारास पंख्याची पाती पुसायला मी स्टुलावर चढलो आणि तोल सावरताना तळहात छताला टेकला. अंगणात वारा सुटला होता. छत मात्र नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखे गरम होते. दिवसभर ऊन पिणारा स्लॅब ती उष्णता काही तासांनी, म्हणजे नेमकी आपण अंथरुणावर पडतो तेव्हा, खाली सोडत असतो, आणि पंखा तीच तापलेली हवा आपल्या अंगावर आणतो.

आम्ही एसी घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने खोलीची लांबी-रुंदी विचारली, पण वर मजला आहे की उघडी गच्ची, हे विचारले नाही. एक टनाचा पुरेना, म्हणून पुढच्या वर्षी दीड टनाचा आला. हवा गार झाली तरी छताची धग अंगाला लागतच होती, त्यामुळे रिमोटवरचा आकडा अठरापर्यंत उतरला आणि बिल चढले. तो न विचारलेला प्रश्न मला आजही सलतो. कूलरचे म्हणाल, तर वाळ्याच्या ताट्या कोरड्या मे महिन्यात उत्तम चालतात, पण मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की त्यांचा इलाज संपतो.

अखेर आम्ही गच्चीवर ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, आणि त्या वर्षी रात्री छताला हात लावला तेव्हा फरक तळहाताला कळला.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८च्या 'इको निवास संहिते'नुसार, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनुसार, छतातून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. आपला उघडा स्लॅब साधारण तिप्पट उष्णता आत घेतो. पण ही संहिता नव्या बांधकामांसाठी आहे. आपण राहतो त्या घरांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागेल.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मुद्दा थोडक्यात सांगतो. खर्चाचा क्रम छतापासून धरावा. उष्णतारोधक थर द्यायचा तर आधी गळती काढून तो स्लॅबच्या वर द्यावा, म्हणजे स्लॅब फारसा तापत नाही. पश्चिमेच्या खिडकीला सावली बाहेरून करावी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याने परत जात नाही. पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा बदलून तीस-पस्तीस वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा घ्यावा. एसी सर्वांत शेवटी, आणि तोही पंख्यासोबत सव्वीस अंशांवर.

चुना मार्चमध्येच, संध्याकाळी लावावा. गच्ची धुऊन ओलसर असतानाच पहिला हात द्यावा आणि तो वाळल्यावर दुसरा.