चिमूटभर मीठ

(दृश्य: सोड्याची गाडी, ग्लास अगदी जवळून)

सोड्यात चिमूटभर मीठ पडलं आणि फेस काठाबाहेर उतू आला. यात थोडा वाटा मिठाच्या खरबरीत कणांचा. त्यांच्या कडांवर बुडबुडे धरतात. पण मीठ पूर्ण विरघळल्यावरही ते पाणी पहिल्याइतका वायू धरून ठेवत नाही. मिठातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पाण्याचे रेणू आपल्याभोवती ओढून घेतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या वाट्याला पाणी कमी येतं.

किती कमी? रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान सेचेनोव्ह रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा अभ्यास करता करता क्षारांच्या द्रावणांकडे वळले. १८८९ साली त्यांनी नियम मांडला: मीठ सारख्या पायऱ्यांनी वाढवत नेलं, की वायूची विद्राव्यता, म्हणजे विरघळण्याचं प्रमाण, दर पायरीला त्याच पटीत घटते. खोलीच्या तापमानाला लिटरमागे ५८ ग्रॅम मीठ असेल, तर साध्या पाण्याच्या मानाने सुमारे पाचवा हिस्सा वायू कमी विरघळतो.

(दृश्य: प्रयोगशाळा, स्टीलचा प्रेशर सेल)

हे मोजतात ते असं. खारं पाणी आधी तराजूवर, मग सेलमध्ये, म्हणजे दाब पेलणाऱ्या बंद भांड्यात. व्हॅक्यूम पंप लावून त्यात मुरलेली हवा काढायची. आता वायू सोडला, ढवळणी फिरू लागली. काचेच्या खिडकीतून पाहा, पाण्याचा पृष्ठभाग कसा थरथरतोय. वायू पाण्यात उतरतो तसा दाबाचा आकडा खाली येतो. तो स्थिर होईपर्यंत वहीत काही लिहायचं नाही. यात तास जातात. घाईने टिपलेला एक आकडा पुढच्या सगळ्या गणितात चूक पेरतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, वर चढत जाणारी वक्ररेषा)

दाब दुप्पट तर विरघळलेला वायूही दुप्पट, हा विल्यम हेन्री यांचा १८०३ मधला नियम. जास्त दाबाला तो तोकडा पडतो, तिथे दाबाऐवजी फ्युगॅसिटी, म्हणजे वायूच्या प्रत्यक्ष वागण्यानुसार दुरुस्त केलेला दाब, धरावी लागते. आयनांच्या आपसांतल्या ओढाताणीसाठी केनेथ पिट्झर यांची १९७३ मधली समीकरणं घ्यावी लागतात. खाऱ्या पाण्यात किती कार्बन डायऑक्साइड विरघळेल हे सांगणारं, दुआन आणि सुन या संशोधकांनी २००३ साली मांडलेलं मॉडेल ० ते २६० अंश सेल्सिअस, २००० बार (हवेच्या दाबाच्या सुमारे २००० पट) दाब आणि किलोभर पाण्यात सुमारे २५० ग्रॅम मीठ, इथवर चालतं. त्यातले गुणांक, म्हणजे समीकरणांत भरायचे ठरावीक आकडे, आले कुठून? अशाच सेलसमोर तासन्‌तास बसलेल्या माणसांच्या वह्यांमधून. मॉडेलचा उल्लेख सगळे करतात, या माणसांचाही व्हायला हवा.

(दृश्य: नकाशा, उत्तर समुद्र)

नॉर्वेच्या स्लाइपनर वायुक्षेत्रात १९९६ पासून, हवेत जाऊ नये म्हणून, समुद्रतळाखालच्या खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मात कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्यातला किती विरघळेल, याचा अंदाज अशाच गणितावर उभा असतो.

(दृश्य: पुन्हा सेल)

आकडा थांबला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तोच. आता वहीत नोंद झाली. सेल रिकामा होतोय आणि आणखी खाऱ्या पाण्याची पुढची बाटली तराजूवर चढली आहे.