हिरव्या बॉक्सची वाट बघताना

पुण्यातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये केलेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवलंय, थोडं आवरून.

मंडळी, एवढ्या पावसात आलात, बरं वाटलं. मागच्यांनी पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

मला विषय दिलाय फॅन्टसी सिनेमा आणि त्याचे फॅन, पण मी त्यातली एकच गोष्ट धरणार आहे, वाट बघणं. थिएटरात सिनेमा लागायची वाट सगळेच बघतात, ती नाही. सिनेमा थिएटरातून उतरला की तो घरी कधी येणार, आणि आपण बघितला त्याच्यापेक्षा जास्त येणार का, ही वाट.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा पहिला भाग, 'द फेलोशिप ऑफ द रिंग', परदेशात डिसेंबर २००१ मध्ये लागला, आम्ही इथे २००२ मध्ये बघितला. आम्ही म्हणजे कॉलेजातले पाच जण. सिनेमा ज्यावरून काढला ते पुस्तक पाच जणांत एकच, अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड आणलेलं, कव्हर निघून आलेलं म्हणून त्याला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर घातलं होतं, आणि ते नंबर लावून वाचायचं, चार दिवसांत परत द्यायचं. १७८ मिनिटांचा सिनेमा संपला आणि बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये गाड्या काढायलाच कोणी तयार नव्हतं, तिथेच उभं राहून तासभर बोलत बसलो.

मग सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बातम्या वाचायच्या, त्यात कळलं की ऑगस्टमध्ये दोन डिस्कची डीव्हीडी येणार, थिएटरात होता तोच सिनेमा, आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा सेट येणार, चार डिस्कचा, ज्यात सिनेमा अर्ध्या तासाने मोठा, २०८ मिनिटांचा. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने स्वतः बसून पुन्हा एडिट केलेला, आणि नव्या सीन्ससाठी संगीतकार हॉवर्ड शोअरने नवीन संगीत रेकॉर्ड केलेलं. म्हणजे उरलेले तुकडे नुसते शेवटी चिकटवलेले नाहीत, ते कथेच्या आत बसवलेत, हे ऐकूनच आमची झोप उडाली.

ऑगस्टची घ्यायची का नोव्हेंबरपर्यंत थांबायचं यावरून आमच्यात खरंच भांडण झालं, दोघं आठवडाभर बोलत नव्हते. तेव्हा इथे बहुतेकांकडे व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवरचा सिनेमा, गल्लीतल्या सीडी लायब्ररीत डिपॉझिट भरायचं आणि रोजच्या भाड्याने आणायची, एवढा मोठा सिनेमा तीन सीडींवर, आणि मोरियाच्या, म्हणजे डोंगराखालच्या खाणींच्या, अंधारात सगळे नुसते चौकोन चौकोन दिसायचे. ज्याने तो सिनेमा मोठ्या पडद्यावर बघितलाय त्याला ते चौकोन बघवत नाहीत. शेवटी ठरलं, थांबायचं.

आणि मी आज जे सांगायला आलोय ते हेच, की त्या थांबण्यात आम्ही जेवढं वाचलं तेवढं आधी कधी वाचलं नव्हतं. एक दोनशे पानी वही केली आणि पुस्तक उघडून सिनेमात काय काय नाहीये ते लिहून काढलं, अगदी प्रकरणवार. कोणता सीन शूट झाला असेल, कोणता मुळातच घेतला नसेल, यावर रोज वाद. एक मित्र छातीठोकपणे सांगायचा की पुस्तकातला रानात राहणारा टॉम बॉम्बाडिल येणारच, तो नाही आला, आणि त्याला त्याचं खरंच वाईट वाटलं, आजही वाटतं. माझी पैज भेटवस्तूंवर होती. लोथलोरिअन या एल्फांच्या, म्हणजे कथेतल्या अमर जमातीच्या, रानातून निघताना तिथली स्वामिनी गॅलाड्रिएल प्रत्येकाला काहीतरी देते तो प्रसंग, थिएटरात तो जवळजवळ गायबच होता. वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं असं लोकांना वाटतं, पण आम्ही त्या तीन महिन्यांत सिनेमा मनात दहा वेळा एडिट केला.

१२ नोव्हेंबर २००२ ला अमेरिकेत सेट आला. आमच्यातल्या एकाची ताई न्यू जर्सीला, पाच जणांनी कॉन्ट्री काढली, आणि डिसेंबरात सुट्टीला आली तेव्हा तिने तो साड्यांच्या घडीत गुंडाळून आणला. हिरवा बॉक्स, जुन्या चामडी बांधणीच्या ग्रंथासारखा दिसणारा, कपाटात ठेवला तर पुस्तकच वाटेल. आम्ही तो आधी नुसता एकेकाच्या हातात फिरवला.

प्लेअरमध्ये घातला आणि पडद्यावर आलं, रीजन चुकीचा. डीव्हीडीला जगाचे भाग पाडलेले असतात, अमेरिका रीजन १, आपण रीजन ५, एकाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. इतकी वाट बघायची, सात समुद्रापलीकडून वस्तू आणायची आणि घरातल्या मशीनने नाही म्हणायचं, ताईच्या डोळ्यात पाणी आलं हो. मग तसाच प्लेअर पिशवीत घालून सायकलवरून एका टीव्ही रिपेअरवाल्या काकांकडे. त्यांनी ट्रे उघडा ठेवून रिमोटवर एकामागून एक आकडे दाबले, कधी न बघितलेला एक मेनू आला, त्यात रीजनच्या जागी शून्य केलं आणि म्हणाले, जा, आता जगातली कुठलीही लावा. पैसे घेतले नाहीत. घरी येऊन लावली तर चित्र काळंपांढरं, कारण अमेरिकेची टीव्हीची पद्धत एनटीएससी आणि आपला टीव्ही पाल पद्धतीचा, मग परत सेटिंगमध्ये शोधाशोध, आणि एकदाचा शायर, म्हणजे कथेतल्या नायकाचा मुलुख, हिरवा झाला. तो हिरवा रंग मी अजून विसरलेलो नाही.

सिनेमा दोन डिस्कवर, रिव्हेंडेलच्या सभेनंतर डिस्क बदलायची, काकू तिथे चहा घेऊन आल्या. भेटवस्तूंचा प्रसंग दुसऱ्या डिस्कवर. बुटक्यांच्या जमातीतला गिमली, जो एल्फ लोकांना शत्रू मानत आलेला, तो गॅलाड्रिएलकडे तिच्या केसांतला एक केस मागतो आणि ती तीन देते, आणि हे तो एल्फ असलेल्या लेगोलसला होडीत सांगतो तेव्हाचा त्याचा आवाज. नायक फ्रोडोच्या सोबत्याला, सॅमला, मिळतो एल्फांचा दोर. पुढे दुसरा भाग थिएटरात बघितला, त्यात अंगठीच्या मागे लागलेल्या गॉलमला दोराने बांधतात आणि तो भाजल्यासारखा किंचाळतो, शेजारचा माणूस विचारत होता की साध्या दोराने असं काय होतं, आम्हाला पाचही जणांना माहीत होतं तो दोर कुणी दिला.

तिसरी आणि चौथी डिस्क म्हणजे सिनेमा कसा केला ते. शिवाय सिनेमाच्या डिस्कवर चार वेगवेगळ्या कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर बोललेलं, दिग्दर्शक आणि लेखिकांची एक, डिझाइनवाल्यांची एक, प्रॉडक्शन आणि एडिटिंगवाल्यांची एक, नटांची एक. नुसत्या त्या ऐकायच्या तर जवळजवळ १४ तास, मी ऐकल्यात. चिलखतं प्लॅस्टिकच्या पाइपच्या चकत्या कापून, कडीत कडी अडकवून हाताने केलेली. आणि बिल्बोच्या घरातलं ते टेबल. जादूगार गँडाल्फ मोठा, ठेंगण्या जमातीतला फ्रोडो छोटा दिसायला हवा म्हणून फ्रोडोला लांब बसवायचं, हे जुनं तंत्र आहे, पण त्यात कॅमेरा हलला की चोरी पकडली जाते. यांनी काय केलं, कॅमेरा सरकतो तेव्हा सेटचा एक भाग पण सरकतो, अगदी मापात, त्यामुळे डोळ्याला कळतच नाही. तो तुकडा आम्ही सहा-सात वेळा मागे घेऊन बघितला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये फिल्म अप्रिसिएशनचा कोर्स असतो, तो करणं आमच्यापैकी कुणाला जमलं नाही, आमचा कोर्स त्या दोन डिस्क.

इथे मला थोडं थांबायचंय. आपण पुण्यात बसलोय. लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या स्टुडिओत १९३६ मध्ये दामले-फत्तेलालांनी 'संत तुकाराम' केला, त्यात तुकोबांना न्यायला वैकुंठातून गरुडाचं विमान येतं, कॉम्प्युटर नसताना. तो सिनेमा आजही बघता येतो. पण ते विमान कसं उडवलं, दोऱ्या कुठे बांधल्या, किती टेक झाले, हे त्या माणसांच्या तोंडून ऐकायला मी काय वाटेल ते देईन. आणि आम्ही हिरवा बॉक्स बघत होतो त्याच हिवाळ्यात, जानेवारी २००३ मध्ये, त्याच आवारात आग लागून फिल्म अर्काइव्हची नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या फिल्मवरची, जुनी रिळं जळाली. ज्या सीन्सची वाट बघतोय ते कुठेतरी डब्यात सुरक्षित आहेत, या भरवशावर आम्ही नोव्हेंबरची वाट बघितली होती. जळालेल्या रिळांची वाट कोण बघणार.

पुढच्या दोन भागांचे बॉक्स, लाल आणि निळा, २००३ आणि २००४ ला आले. लाल बॉक्समध्ये एक तुकडा आहे, वेलिंग्टनच्या स्टेडियमवर क्रिकेटची मॅच चालू, दोन इनिंग्जच्या मधल्या वेळात पीटर जॅक्सन मैदानात आणि २५,००० प्रेक्षक त्याच्या सांगण्यावरून राक्षसांच्या भाषेत ओरडतायत, तोच सिनेमातल्या राक्षसी सैन्याचा आवाज. क्रिकेटवेड्या माणसाने हे बघावंच. तिसऱ्याची वाट सगळ्यात जड गेली, कारण थिएटरात दुष्ट जादूगार सारुमानचा शेवटच नव्हता, ती भूमिका करणाऱ्या ख्रिस्तोफर ली यांनी स्वतः नाराजी बोलून दाखवली होती. वर्षभर थांबल्यावर निळ्या बॉक्समध्ये तो शेवट मिळाला.

आता सिनेमा काही आठवड्यांत फोनवर येतो, छान आहे, माझी भाची तसाच बघते. पण तिने मला परवा विचारलं की मामा, यात जास्तीचे सीन कुठे असतात, तर मला दाखवता येईना, मग कपाटातून हिरवा बॉक्स काढला. प्लेअर अजून चालतो.

त्या पहिल्या रात्रीचं एक राहिलं. सिनेमा संपला, पहाट व्हायला आलेली, कुणीतरी रिमोट उचलला तर पडद्यावर नावं चालूच. कलाकारांची संपली, टेक्निशियनची संपली, तरी चालूच. ती फॅन क्लबच्या मेंबरांची नावं होती, जगभरातल्या लोकांची, जवळजवळ २० मिनिटं. ज्यांनी आमच्यासारखीच वाट बघितली त्यांची. मित्र म्हणाला, बंद करू नको, कुणी आपल्याकडचं आहे का बघू. आणि पाचही जण पांघरुणं घेऊन, टीव्हीच्या अगदी जवळ सरकून, अनोळखी माणसांची नावं मोठ्याने वाचत बसलो, बाहेर दूधवाल्याची सायकल वाजेपर्यंत.